पदराखालची शिट्टी

१२ डिसेंबर, संध्याकाळ

आज सरलाबाईंची चौथी तपासणी. सहा महिन्यांपूर्वी मीच त्यांच्या कानामागच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर काढता-घालता येणारं ऐकण्याचं मशीन लावलं होतं. स्क्रू घट्ट, कातडी स्वच्छ. समाधानाच्या फॉर्मवर 'उत्तम'पुढे टिक केली, तीही त्यांच्या नवऱ्याला विचारून. का? सवय, दुसरं काय.

निघताना त्यांनी डोक्यावर पदर घेतला, कापड मशीनवर आलं आणि ते शिट्टी मारायला लागलं. घरीही असंच होतं का, मी विचारलं.

"घरमा सासरा ऱ्हातस, पदर लेवाच लागस. मंग मशीन काढी ठेवस, मॅडम."

म्हणजे सहा महिने घरी त्यांना काहीच ऐकू येत नाही. आणि मी? दर वेळी 'पदर खाली घ्या' म्हणायचं आणि मगच मशीन तपासायचं. ती शिट्टी मला कळणार कशी? मी शहाद्याजवळच्या खेड्यात वाढले. आईला पदराशिवाय क्वचितच पाहिलं. तरी सुचलं नाही.

"आधी का नाही सांगितलं?" वर मीच चिडले.

नवऱ्याकडे बघत त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तं यासलेच इचारतस."

ती टिक मी अजून खोडलेली नाही.