पत्र्यावरची दोडक्याची वेल

२२ मार्च १९८३
वेल गेली! दोडक्याचा शेंडा काल पत्र्याला टेकला, आज ऑफिसातून येऊन बघते तर करपून काळा. दोन महिने भांड्याचं पाणी पाजलं, आंघोळीचं पाजलं. नळ चार दिवसांनी येतो, तरी तिला कधी तहानलेलं ठेवलं नाही.

शेजारच्या मालनबाई हसल्या. "अगं, तवा हाय तो! अगुदर तुरीच्या वाळक्या तुराट्या अंथर, मग येल चढव." हे सांगायला दोन महिने तोंड उघडलं नाही बाईंनी!

२७ मार्च
हे माकणीच्या धरणाच्या कामावरून रविवारचे आले. तुराट्या पत्र्यावर पसरून दिल्या. वर म्हणाले, "एवढा खटाटोप दोडक्यासाठी?"

दोडक्यासाठी! गेल्या उन्हाळ्यात याच पत्र्याखाली आमची लेक अयोध्या तापानं फणफणली. "लेकराला इथं ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. येरमाळ्याला आईच्या गार, मातीच्या माळवदात ठेवून आले, तेव्हा दोन वर्षांची होती. तिचं झबलं अजून माझ्या उशाशी आहे. मला माझी पोर हवी आहे, बस्स.

९ एप्रिल
बुडातून नवी फूट. वीतभर!

२६ एप्रिल
आमच्या खरेदी-विक्री संघाच्या ऑफिसात साहेबांच्या खिडकीला वाळ्याचा पडदा. शिपाई त्यावर घागरी ओततो. एक घागर वेलीसाठी मागावी असं फार वाटलं. जीभ रेटली नाही.

१५ मे
पत्रा झाकला! भर दुपारी खालून हात लावला — सोसतो. मालनबाई डाळ निवडायला आमच्याकडेच येऊन बसतात. "तुज्याकडं लई गार लागतंय गं."

आईला कार्ड टाकलं. रविवारी न्यायला येते.

२२ मे
आणली! पहिल्या दोडक्यांचा वानोळा आईला दिला. निघताना आईनं डोळ्याला पदर लावला. मी लक्ष दिलं नाही. एस.टी.त पोर माझ्या मांडीवर झोपली होती, मला आणखी काय पाहिजे?

२३ मे
दुपारभर झोपली. अंगाला घाम नाही. रजा टाकून नुसती बघत बसले.

२५ मे
नीट जेवत नाही. माझे भाऊ मला अक्का म्हणतात आणि आईला आई. त्यांचं ऐकून हीपण तसंच म्हणते. लहान आहे, शिकेल.

२६ मे
झोपेत "आई" म्हणाली. पिठाच्या हातांनी तशीच धावले. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि रडायलाच लागली.

"तू न्हाय, अक्का. आई पायजे."

उद्या सकाळच्या गाडीनं तिला पोचवून येते.