‘रविवारी नक्की’ या कुंडीची व्यवस्था

नऊ वर्षांपूर्वी, थंडीतल्या एका सकाळी, मी माझ्या बायकोच्या बागेतले अकरा जिवंत गड्डे मेलेले समजून उपटले आणि कचऱ्याच्या ढिगावर टाकले. मृत्युपत्राची सुरुवात अशी करू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या मते आधी माणूस शुद्धीवर आहे हे लिहायचे असते. पण त्या सकाळीही मी पूर्ण शुद्धीवर होतो, म्हणून हे आधी लिहिले.

आता त्यांच्या पद्धतीने. मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा लिफ्टची दुरुस्ती, गावच्या शाळेत सातवीपर्यंत आणि पुढे कामावर शिकलेला, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मागच्या महिन्यात एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो असताना भोवळ आली, तेव्हापासून हे डोक्यात होते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. हृदयाबद्दल ते तेवढ्या खात्रीने बोलले नाहीत. देवाला माझे सगळे ठाऊक आहे, त्यामुळे हे त्याच्यासाठी नाही. हे माझ्या एकुलत्या एक लेकीसाठी आहे.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणासह, लेकीला. बँकेत जे असेल तेही तिचेच. मागच्या दाराची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते. ती दुरुस्त करतो असे मी घर घेतले त्या वर्षी म्हणालो होतो. दुसऱ्यांची दारे उघडण्यात माझा जन्म गेला.

कलम २. हत्यारे, म्हणजे पान्यांचे दोन संच, साखळीची कप्पी, मीटर आणि मोठी बॅटरी, माझ्या भागीदाराला. त्याला आम्ही जाड्या म्हणतो. तो खड्ड्यात मावत नाही म्हणून वीस वर्षे खाली मीच उतरलो आणि वरून सूचना त्याने दिल्या. त्याबद्दल राग नाही. सूचना बहुतेक बरोबर असत.

कलम ३. मोठी शिडी मेहुण्याला. ती चौदा वर्षे त्याच्याकडेच आहे, तेव्हा आता त्याने ती निर्धास्तपणे वापरावी. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, अंत्यविधीला तो चारचौघांत म्हणाला होता, “भावोजी आज वेळेवर आले.” ते मी विसरलेलो नाही. खोटे असते तर विसरलो असतो.

कलम ४. बाग. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

माझ्या बायकोने मागच्या भिंतीच्या सावलीत होस्टाची झाडे लावली होती. होस्टा फक्त पानांसाठी लावतात. रुंद पाने, कुठे निळसर, कुठे पांढऱ्या कडांची. ऊन त्यांना सोसत नाही. थंडीत सगळी पाने पिवळी पडून लोळतात, मग नाहीशी होतात, आणि जमिनीवर काहीच उरत नाही. गड्डा खाली झोपलेला असतो. ऊब आली की कोंब वर येतात. हे मला माहीत असायला हवे होते, कारण ती बारा वर्षे जेवताना हेच सांगत होती आणि मी बारा वर्षे मान डोलवत होतो.

त्या थंडीत ती आठ दिवस माहेरी गेली होती. मला एक सकाळ मोकळी मिळाली. वाटले, हिला खूश करावे. खणून सगळे काढले, वाफा सारखा केला, नावांच्या पाट्या पुसून एकावर एक रचल्या आणि घरच्या फोनवरून तिला फोन केला.

“तुझी बाग साफ करून ठेवलीय.”

“साफ म्हणजे?”

“मेलेलं सगळं काढून टाकलं.”

मग म्हणाली, “अहो, कुठे टाकलंत?”

“ढिगावर.”

“त्यांच्यावर ओलं पोतं टाका. आत्ताच्या आत्ता. ती जिवंत आहेत.”

तेवढ्यात कामाचा फोन वाजला. एका दवाखान्याची लिफ्ट अडकली होती. मी तिला म्हणालो, “दहा मिनिटांत टाकतो.” पोते दारामागेच होते. टाकायला एक मिनिटही लागले नसते. घरी आलो तेव्हा नऊ तास झाले होते आणि ढिगावर दहिवर गोठले होते.

अकरांतले चार मेले. उरलेले सात तिने परत लावले, पण कोणते कुठले ते कळेना. पाट्या मीच पुसल्या होत्या. ती मला एका शब्दाने बोलली नाही. कोंब आल्यावर तिने नव्या पाट्या लिहिल्या. मी फोनवर तिला जे जे सांगत असे, तीच नावे दिली: ‘आलोच’, ‘दहा मिनिटं’, ‘तू जेवून घे’, ‘शेवटचाच कॉल’, ‘रस्त्यात आहे’, ‘आवाज तुटतोय’. आल्यागेल्याला ती गंभीर चेहऱ्याने माहिती देई, “‘आलोच’ला फार जागा लागते. ‘शेवटचाच कॉल’ला दरवर्षी नवे फुटवे येतात.” लोक हसत. मीही हसत असे. माणूस स्वतःवरच्या विनोदाला हसला की आपण सुधारलो असे त्याला वाटते.

सातवे कुंडीत राहिले, त्याचे पुढे; ही सहा झाडे जमिनीत आहेत, आणि जमिनीत रुजलेले जमिनीबरोबर जाते, असे वकीलबाई सांगतात. म्हणून ती लेकीची. अपवाद ‘दहा मिनिटं’चा. त्याचे कलम पुढे.

कलम ५. ‘दहा मिनिटं’ शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंना. बायको गेल्यावर मी पुन्हा कामाला जुंपलो आणि तीन उन्हाळे या झाडांना भिंतीवरून पाणी त्यांनी घातले. त्या आधी कित्येक वर्षे स्वतःच्या कोबीवरच्या गोगलगायी वेचून भिंतीवरून आमच्याकडे टाकत, हेही त्यांनीच कबूल केले. “तुमच्या पानांना भोकं दिसली की मला झोप लागायची नाही,” म्हणाल्या, “पण कोबी वाचायचा हो.” मी माफ केले. बायकोने केले असते की नाही, सांगता येत नाही.

कलम ६. कामाचा फोन, त्या नंबरासह, माझ्या मृत्यूनंतर जाड्याला.

कलम ७. सातवे झाड, ‘रविवारी नक्की’, कुंडीसह लेकीला.

(कलम ६ आणि ७ एकेका रेघेने खोडली आहेत. आमचे गुरुजी सांगत, चूक खोडताना एकच रेघ मारावी; खाली काय होते ते वाचता आले पाहिजे. खोडण्याचे कारण पुढे देत आहे.)

सातव्या झाडासाठी बायकोने कोपऱ्यातली जागा ठरवली होती. तिथे जुन्या झाडाचा खुंट होता. तो काढायला पहार आणि दोन माणसे लागत. मी रविवारी नक्की म्हणालो. झाड तोवर मागच्या दारापाशी कुंडीत राहिले. सहा वर्षे ती वाट पाहत होती. ती गेल्यावर तीन वर्षे नुसती कुंडी वाट पाहत होती.

पंधरा दिवसांपूर्वी मी हा मसुदा लेकीला फोनवर वाचून दाखवला. सातव्या कलमावर तिने मला थांबवले.

“बाबा, ती पाटी आईनं माझ्यासमोर लिहिली. खुंट निघाला की लावू, म्हणाली. आता कुंडी तुम्ही मला मृत्युपत्रात देणार? म्हणजे खुंटही मीच काढायचा?”

“मग काय करू गं?”

“मला नकोच ते. घर द्या, विका, काय हवं ते करा. मेल्यावर दिलेली बाग मला नको.”

“असं काय बोलतेस?”

“तुमच्याकडे रविवार येतो की नाही, बाबा?” आणि तिने फोन ठेवला.

त्यावर मी दोन आठवडे काहीच केले नाही. सवयच तशी. रोज सकाळी देवाचे नाव घेताना नजर मात्र दाराबाहेरच्या कुंडीकडे जाई. कोंब वर आले होते, टोकदार, एकमेकांना चिकटून. काल, शनिवारी संध्याकाळी, कामाचा फोन जाड्याच्या हातात दिला.

“किती दिवस?” त्याने विचारले.

“कायमचा.”

“आणि मी कुठे अडकलो तर?”

“सोमवारनंतर अडक.”

घरचा फोन कधीच काढून टाकला होता, म्हणून शेजारून मास्तरीणबाईंच्या फोनवरून लेकीला एवढेच कळवले की उद्या खुंट काढतोय. ये म्हणालो नाही. तो हक्क मला उरलेला नाही.

आज सकाळी साडेसातला ती आली. चहा घेतला नाही. पहारीचे एक टोक तिने धरले. खुंट निघायला तीन तास लागले. आतून पार कुजला होता, एकटा माणूसही दिवसभरात काढू शकला असता. हे मला नऊ वर्षे ठाऊक नव्हते. मध्ये दोनदा माझा हात खिशाकडे गेला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, “रिकामा आहे तो.”

कुंडी फोडली. मुळे आतल्या आत गोल फिरून कुंडीच्याच आकाराची झाली होती. तिने गड्डा दोन्ही हातांनी धरला, मी सुरीने मधून कापला. अर्धा कोपऱ्यात लावला. तो आता जमिनीबरोबर कलम १ मध्ये जाईल. अर्धा तिने बादलीत घेतला; तिच्या घरी चौथ्या मजल्यावर सावलीचा सज्जा आहे. तो मी जिवंतपणी हातात दिला, म्हणून त्याबद्दल इथे काही लिहिण्याची गरज नाही.

“ही पाटी नेतेस?” मी विचारले.

“नको. तुमची आहे, तुमच्याकडेच राहू दे.”

ती मला माफ करून गेली असे मी लिहीत नाही; मृत्युपत्रात खोटे लिहू नये. सज्ज्यावरचे झाड कसे आहे ते कळवीन, म्हणाली. पाटी मी कोपऱ्यात खोचली आहे.

ज्यांना काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये, म्हणून हे दोघे. दोघांनी मला सही करताना पाहिले. हाताला माती होती, तिचा डाग कागदावर पडला आहे. तो खाडाखोड समजू नये.

साक्षीदार पहिला: (सही) तपासणारे डॉक्टर
साक्षीदार दुसरा: (सही) कोपऱ्यावरचा बेकरीवाला
लिहून देणार: (सही)

ठिकाण: मागचे अंगण
वेळ: दुपारी बारा
वार: रविवार