दर्शनी भिंतीचा गिलावा

मी, क्लिफर्ड बर्टविसल, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंद्याने गिलावाकाम करणारा, आता निवृत्त, राहणार हेदरक्लफ, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात एका माणसाबद्दल जे लिहिले होते ते खोटे होते.

घर माझी भाची जॅनिस हिला द्यावे. ते मुळात माझी पत्नी म्युरिएल हिच्या माहेरचे. दर्शनी दगड तिच्या आजोबांनी घडवले. माळावरचा पाऊस इथे आडवा येतो. झोपायच्या खोलीत ओल धरली आणि म्युरिएलचा खोकला थांबेना, तेव्हा २००८ च्या उन्हाळ्यात मी संपूर्ण दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. एक्केचाळीस वर्षे लोकांच्या भिंती केल्या, त्यांत ही सर्वांत सरस उतरली होती.

महिन्याभरात नियोजन खात्याच्या बाई आल्या. कोणीतरी निनावी पत्र धाडले होते.

"दगडाच्या जागी तसाच दगड बसवा, दरजा चुन्याने भरा, आमची हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण ही संरक्षित वस्ती आहे. दर्शनी भिंतीवर गिलावा, फळ्या, काहीही चढवायचं तर आधी परवानगी लागते."

"घर माझं आहे, बाई."

"घर तुमचंच. पण त्याचं तोंड गल्लीला आहे ना."

गिलावा काढण्याचा हुकूम आला. मी अपील केले, हरलो. मग छिन्नी घेऊन सहा आठवडे स्वतःच्या हाताने तो गिलावा सोलला. सिमेंटाबरोबर दगडांचे पापुद्रे निघाले. ते व्रण अजून आहेत. जॅनिसने ते झाकू नयेत. ही अट नाही, विनंती आहे. त्या बाईंबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी माझ्याकडचा चहाही घेतला होता.

माझी सर्व हत्यारे, म्हणजे थाप्या, रंधे, चुन्याची घमेली आणि ती छिन्नी, शेजारी हार्वी स्टॉट याला द्यावीत. पत्र त्याचेच, असे मी धरून चाललो होतो. गिलावा सोलत असताना तो हातोडा घेऊन आला.

"दोघं मिळून लवकर उरकेल, क्लिफ."

"लावालावी करून आता मदतीला आलास होय? नीघ इथून!"

तो निघाला. पुढच्या हिवाळ्यात म्युरिएल गेली, तेव्हाही मी त्याला दफनाला बोलावले नाही. चौदा वर्षे भिंतीला भिंत लागून राहिलो आणि बोललो नाही.

यंदा ईस्टरच्या आधी म्युरिएलची विणकामाची पेटी उघडली. लोकरीखाली त्या पत्राची कच्ची प्रत होती. अक्षर तिचे. 'माझे यजमान मन लावून काम करतात, माझ्याच्याने त्यांना "नको" म्हणवत नाही. पण मला माझे दगड हवेत.'

मी तसाच स्टॉटच्या दारात गेलो. त्याने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही.

"मला ठाऊक होतं रे. टपालात मीच टाकलं होतं."

"मग चौदा वर्षं बोलला का नाहीस, गाढवा?"

"तिनं शब्द घेतला होता. आणि ती गेल्यावर तुझ्याकडे तिच्या आठवणीशिवाय होतंच काय?"

आता तो रविवारी येतो. आम्ही चहा पितो. बोलायची सवय मोडली आहे, घड्याळ ऐकत बसतो. म्युरिएलवर मी रागावलो आहे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. एकदा विचारले असते तर तिने सांगितले असते, एवढे मात्र कळते.

बँकेतल्या शिलकीतून माझे दफन करावे, उरेल ते जॅनिसला. मला म्युरिएलशेजारीच ठेवावे.

हत्यारे स्टॉटला जाणार, म्हणून तो साक्षीदार होऊ शकत नाही. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार दोन हवेत आणि सही होताना दोघे एकाच वेळी खोलीत हवेत. म्युरिएलला नेले त्या दिवसानंतर या खोलीत एका वेळी दोन पाहुणे आलेले नाहीत. मी सकाळीच केक आणला आहे, आणि दोघांना सही झाल्यावर थोडे बसा म्हणणार आहे.

सही: क्लिफर्ड बर्टविसल
साक्षीदार: १. ब्रेंडा ऑल्ड्रॉइड, परिचारिका
२. कीथ सटक्लिफ, फिरत्या वाचनालयाचा चालक
हेदरक्लफ, ६ नोव्हेंबर २०२३