पौषाआधी फुलायला हवीत

९ ऑगस्ट १९५८

जयमालेला दिवस गेले आहेत! काल जेवताना विष्णूने मान खाली घालून सांगितलं. सूनबाई उठून आत गेली. मी म्हटलं, "बरं झालं." बस, एवढंच! शाळेत पन्नास पोरींपुढे तासन्‌तास बोलते, आणि घरात एवढंच सुचलं.

देवा, या खेपेला नीट पार पाड.

११ ऑगस्ट

बोटांवर मोजलं. सातवा मार्गशीर्षात येतो. दहा जानेवारीला पौष लागतोय, त्याच्या आत डोहाळजेवण व्हायला हवं. फुलांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा — सगळं घरच्या फुलांचं. ओटी मला भरता येणार नाही. हे गेले आणि तो मानही गेला. पण क्वार्टरमागची जागा खणायला तर कुणाची ना नाही?

मोगऱ्याची दोन रोपं आणली.

१४ ऑगस्ट

ठकी पोट धरून हसली. ही मूळची वेवजीची, इथे चिकूच्या वाडीत कामाला असते, जाता-येता आमच्या ओट्यावर टेकते. "बाय, मोगरा शिमग्यानंतर! थंडीत फुलायला त्याला काय येड लागलंय?"

चौथीच्या पोरींना फुलांचे ऋतू शिकवते मी! लाज वाटली.

मग तिनेच सांगितलं — कोरांटी लाव, कुंद लाव, शेवंती लाव. कोरांटी? ती तर कुंपणाला असते! "असू दे की. थंडीत तीच कामाला येते." कुंदाची मुळं गावाहून आणून देते म्हणाली.

२४ ऑगस्ट

कुंद, कोरांटी जमिनीत, शेवंती कुंड्यांत — सगळं लावून झालं. खड्डे मी दाखवले, रोपं ठकीकडून लावून घेतली. "तुझे हात मोडले का, बाय?" मी हसण्यावारी नेलं.

इथे लिहायला काय हरकत आहे? माझे हात नकोत. दोन वर्षांपूर्वी, चौथ्या महिन्यात, मी हौसेने जयमालेच्या केसांत अबोलीचा गजरा माळला. आठवड्याच्या आत सगळं संपलं. शेजारच्या वसुमतीवहिनी तोंडावर म्हणाल्या, "तुमच्यासारखीने पोटुशीला गजरा माळायचा नसतो, मास्तरीणबाई, एवढंही कळू नये?" जयमाला तिथेच कॉटवर पडून होती. बोलली नाही काही. काय बोलणार बिचारी!

तेव्हापासून मी तिला हात लावलेला नाही. चहाचा कपसुद्धा ओट्यावर ठेवते, हातात देत नाही.

पाणी मात्र मी घालते. झारीने घातलेलं चालत असावं.

१७ सप्टेंबर

शेवंतीची पानं कडेने करपली. खारा वारा! सगळ्या कुंड्या भिंतीआड ओढल्या. विष्णू म्हणतो, "आई, कशाला एवढा जीव काढतेस? दादरहून टोपलीभर फुलं मागवू." मागव बाबा, तुझं काय जातंय! अरे, मला तिच्यासाठी करता येण्यासारखं एवढंच उरलंय. हे त्याला कसं सांगू?

४ ऑक्टोबर

चौथा सरला. लिहायलासुद्धा भीती वाटते.

१८ नोव्हेंबर

दिवाळी होऊन गेली, थंडीचा पत्ता नाही. पहाटे जरा गार, नऊला घाम. शेवंतीला थंडी हवी असते म्हणे. आता थंडी कुठून आणू? एकही कळी नाही. शेवंती लावायलाच नको होती का? त्या जागी आणखी कोरांटी लावली असती तर? विचार करून डोकं फिरायची पाळी आली.

आज भिंतीपलीकडून जयमालेचं बोलणं कानावर आलं. विष्णूला सांगत होती, "आईंचा माझ्यावर अजून राग आहे. जवळ येत नाहीत, बोलत नाहीत. मागचं माझ्यामुळेच गेलं असं वाटतं त्यांना."

झारी हातात धरून तशीच उभी राहिले. आत जाऊन सांगावं — अगं वेडे, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. पाय उचलला नाही.

१२ डिसेंबर

कोरांटी फुलली! पिवळी, जांभळी, झुडपं भरून. कुंदालाही बारीक कळ्या आहेत. मोजल्या — एकतीस. एकतिसांत मुकुट होतो का? नाही होत.

वसुमतीवहिनी कुंपणापाशी येऊन नाक मुरडून गेल्या. "कोरांटीने नटवणार सुनेला?" हो, नटवणार! मुकुट त्याच घालणार आहेत, म्हणून जीभ चावली.

२० डिसेंबर

आज मेलेच होते मी. सकाळी शेवंतीची वाळकी डहाळी न राहवून माझ्याच हाताने खुडली. दुपारी जयमालेच्या पोटात कळ! विष्णू डॉक्टरांना आणायला धावला. ती मला हाक मारत होती, "आई, जरा बसा ना." मी दारातूनच "आले, आले" करत राहिले. आत गेले नाही.

डॉक्टर म्हणाले, वायू धरलाय. काल रात्री वालाची उसळ झाली होती ना!

हसू आलं, मग रडू आलं. पण डहाळी खुडली होती हे खरंच.

३ जानेवारी १९५९

आठवडाभर गारठा आहे. काय सांगू! कुंद पांढराशुभ्र झालाय. शेवंतीसुद्धा आली — लहान, पण आली. ठकीने संध्याकाळी दोन सुपं भरून कळ्या खुडल्या. मी लांबून बोट दाखवत होते. "हिचं काय ते मला कळत नाय," म्हणाली.

४ जानेवारी

झालं सगळं! फुलं पुरली. वसुमतीवहिनींनी मुकुट चढवला, ओटी भरली. कोरांटीच्या कंबरपट्ट्याला बायकांनी नावाजलं — वहिनींनीसुद्धा! मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. दाराच्या फटीतून थोडं दिसलं. छान दिसत होती. सारखी दाराकडे बघत होती.

५ जानेवारी

जयमाला दुपारी तेलाची वाटी घेऊन आली. "केस गुंतलेत, लावून देता?" मी म्हटलं, वहिनींना बोलावते. तिने मनगटच धरलं माझं.

"आई, तुम्ही गजरा माळलात ना, त्याच्या दोन दिवस आधीपासूनच माझ्या अंगावर जात होतं. भीतीने कुणाला सांगितलं नाही. वहिनी तुम्हाला बोलल्या, तेव्हाही गप्प राहिले."

दोन वर्षं! मूर्ख कार्टी म्हटलं, आणखीही काय काय बोलले. ती रडत होती, मीही रडत होते. मग तिला पुढ्यात बसवून तेल लावलं.