दोरीवरचा हात

अब्बासिया, कुवेत
शुक्रवार, सुट्टीचा दिवस

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका. फोन केला की तुम्ही "बरा आसा, बरा आसा" म्हणता आणि फोन आईच्या हातात देऊन मोकळे होता, म्हणून हा कागदाचा उद्योग. माझ्या खोलीतला चंद्रहास सुट्टीवर देवगडला निघालाय, त्याच्या हाती पाठवतो. तुम्ही वाचून संपवेपर्यंत पडवीतून उठायचं नाही, असं त्याला बजावलंय. प्रियांकाने मला सगळं सांगितलं आहे. तिच्यावर रागावू नका, बहिणीने भावाला नाही सांगायचं तर कुणाला? गळ्यातली गाठ ठेवली तर जिवावर बेतेल आणि काढली तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले आणि तुम्ही ऑपरेशनला नकार देऊन गोव्याहून सरळ घरी आलात. त्या संध्याकाळी पेटी काढून भजनाला बसलात, हेही कळलं. त्यावर मी शेवटी लिहीन. आधी इथली खबर ऐका, कारण ती तुम्हालाच सांगण्यासारखी आहे.

अम्गऱ्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये गेल्या महिन्यात एक वेगळंच काम आलं. इथल्या शर्क भागात समुद्राच्या कडेला एका दिवाणखान्यात जुन्या खलाशांची गाणी गाणारी मंडळी जमते. फेब्रुवारीत राष्ट्रीय दिनाला त्यांचा कार्यक्रम असतो. त्यांना सरावासाठी खरीखुरी डोलकाठी हवी होती, शीड आणि दोरीसकट. आमचा फोरमन सर्फराज म्हणाला, "मुकेश, तू समंदरवाला आदमी है, तू बना." मी खूश. लाकूड तासून गुळगुळीत केलं, आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास नको म्हणून वर भंगारातून शोधून आणलेली बेअरिंगची कप्पी बसवली. इतकी सुरेख की शीड एका हाताने वर जावं.

आता त्या गाण्यांबद्दल सांगतो. पूर्वी इथली माणसं मोती काढायला महिनोन् महिने समुद्रात असायची. नांगर ओढायचा, वल्ही मारायची, शीड चढवायचं, प्रत्येक कामाचं गाणं वेगळं. या गाण्याला नहमा म्हणतात आणि म्हणणाऱ्याला नह्हाम. नह्हाम एकटा वरच्या सुरात देवाला हाक मारतो, आणि बाकीचे पोटातून, अगदी खालच्या सुरात, नुसते घुमतात. शब्द नाही, काही नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं जमिनीखाली कोणी जातं फिरवतंय. भजनात तुमच्यामागे सूर धरणारी झीलकरी मंडळी वर चढते, ही खाली उतरते, एवढाच काय तो फरक. साथीला ढोल, छोट्या झांजा आणि पाण्याचा मातीचा घडासुद्धा. ढोलाची कातडी पानं विस्तवावर शेकत होते तेव्हा मला आपल्या जयदीपकाकांची आठवण झाली. पखवाजाला कणीक लावताना ते जसे कुणाशी बोलत नाहीत, तसाच इथला ढोलवालाही तोंड मिटून बसतो.

या मंडळींचा म्होरक्या बू राशिद. खरं नाव वेगळं आहे, पण इथे वडीलधाऱ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बू राशिद म्हणजे राशिदचे बाबा. तुम्ही इथे असतात तर बू मुकेश झाला असतात, आणि देवगडचे सगळे बुवा पोट धरून हसले असते. त्याच्या वडिलांचं गलबत मलबारातून सागवान आणायचं आणि वाटेत मुंबईला थांबायचं, त्यामुळे त्याला आपली मोडकी हिंदी येते.

तर पहिल्या सरावाला मी कौतुक ऐकायला म्हणून थांबलो. त्यांनी दोरी धरली, गाणं सुरू झालं, आणि दोन हिसक्यांत शीड टोकाला! पहिली ओळसुद्धा पुरी झाली नव्हती. सगळे खो खो हसले. बू राशिद मात्र उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काम बहुत अच्छा. लेकिन वजन नहीं, तो गाना किसके लिए?" माझं तोंड एवढंसं झालं. करायला गेलो गणपती आणि झालं माकड. मग बेअरिंग काढलं, जुन्या पद्धतीची लाकडी कप्पी घातली, शिडाच्या आडव्या लाकडाला रेतीच्या पिशव्या बांधल्या. सर्फराज कपाळाला हात लावून म्हणाला, "पहली बार देखा, कारीगर काम बिगाड़ के खुश हो रहा है."

पुढच्या सरावाला एक माणूस कमी होता, तर त्यांनी मलाच दोरीला लावलं. बाबा, तेव्हा मला एक गोष्ट दिसली. बू राशिद गात नव्हता. वय झालं, त्याचा आवाज कधीचाच गेलाय, बोलतो तेही घोगरं. गातो त्याचा भाचा. पण नह्हामची जागा बू राशिदचीच आहे. तो दोरीच्या शेपटाशी सतरंजीवर बसतो आणि तळवा दोरीवर ठेवतो. तळवा दाबला की आम्ही ओढायचं. उचलला की जिथे असू तिथे वजन पेलत थांबायचं आणि घुमायचं. भाचा कितीही रंगात येवो, तो हात दाबला जाईपर्यंत कुणी इंचभर हलत नाही. दोरी हातात कापत होती, बाजूच्यांचं घुमणं माझ्या बरगड्यांत शिरत होतं, आणि मी त्या सुरकुतलेल्या हाताकडे बघत होतो. शीड वर गेलं तेव्हा सगळे आधी त्याच्याकडे वळले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रेतीने आलं, असं मी त्यांना सांगितलं.

तुम्ही म्हणाल, त्याचा आवाज वयाने गेला, माझा कापून काढणार, दोन्ही सारखं कसं? नाहीच सारखं. रोज पहाटे पेटीवर सूर लावणाऱ्या माणसाकडे मी काय मागतोय ते मला कळतं. परवा आईने फोन घेतला. एवढंच म्हणाली, "तू सांग रे त्यांका, माझा आयकनत नाय." म्हणून हे पत्र. मी जयदीपकाकांशी बोललोय. पेटीमागची जागा तुमचीच राहील, तिथे दुसरं कोणी बसणार नाही. प्रियांकाला तुमचे सगळे गजर पाठ आहेत, ती गाईल. कुठे थांबायचं, कुठे उचलायचं, ते तुमचा हात सांगेल. वजन आम्ही ओढू. माझं तिकीट काढून झालंय, पुढच्या आठवड्यात येतो आणि तुम्हाला गोव्याला मीच घेऊन जातो. मी येईपर्यंत पोटभर गाऊन घ्या, प्रियांका फोनवर साठवून ठेवेल. गावाला त्यांचे बुवा गाताना हवेत, ते बरोबरच आहे. पण मी गावकरी असण्याआधी तुमचा मुलगा आहे. मला माझा बू मुकेश हवा आहे, मुका असला तरी चालेल.

तुमचाच,
मुकेश