काचेला एकच हात

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग, आणि पिल्लूला माझ्याकडून एक गालगुच्चा, रडणार नाही इतपतच. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा खोकला गेला. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण फरश्या बसवणाऱ्या बाईचा गुडघा कुरकुरला नाही तर लोक म्हणतील हिला काम नाही.

काचेच्या विटांची भिंत कशी बांधायची, असं तू विचारलं होतंस. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मध्ये घालायची म्हणालास. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं "बरं, बरं" म्हणतोस आणि ऐकत काहीच नाहीस. शिवाय म्हटलं, बाबांनाच विचारावं. तुमचं दोघांचं बोलणं बंद असलं तरी माझ्या हातून चार गोष्टी जायला हरकत नसावी. त्यांनी विचारलं, कोणाला हवंय? मी म्हटलं, दादाला. जरा वेळ नखं बघत बसले, मग खुर्ची ओढली आणि सांगायला लागले. जसं सांगितलं तसं लिहिते.

पहिली गोष्ट, काच पाणी पीत नाही. मातीची वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि घट्ट बसते. काच तशीच कोरडी राहते आणि ओल्या मालावर घसरते. म्हणून पांढरं सिमेंट आणि बारीक पांढरी वाळू, आणि माल असा कालवायचा की मुठीत धरला तर गोळा व्हावा पण बोटांतून गळू नये. दिवसाला दोन-तीन थरांच्या वर जायचं नाही, घाई केली की खालचा थर पोट काढतो. तळ अगदी सपाट, पाणसळीत हवा, तिथे केसाएवढी चूक झाली तर वर बोटाएवढी दिसते. विटांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या फुल्या ठेवायच्या म्हणजे सांधे सारखे येतात. दोन्ही बाजूंना आणि वर, जुनी भिंत आणि काच यांच्यामध्ये, मऊ फोमची पट्टी घालायची. उन्हानं काच फुगते, तिला हलायला जागा लागते. तिथे माल भरलास तर एक दिवस वीट तडकेल. माल सुकायच्या आत ओल्या स्पंजनं काच पुसून घ्यायची. आणि शेवटी सांध्यांवरून चमच्याचा दांडा ओढायचा.

बाजारात त्याचं वेगळं हत्यार मिळतं, पण बाबा अजून आईच्या जुन्या चमच्याचा दांडाच वापरतात. त्याच्या टोकाला चीर आहे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सांध्यात मधोमध एक बारीक रेघ उमटते. आणि त्यांचा नियम तुला ठाऊकच आहे, काचेला एकच हात. तळापासून माथ्यापर्यंत एकाच माणसानं चढवायची, नाहीतर सांधे दोन भाषा बोलतात. मी आजवर काचेची एकही वीट बसवलेली नाही. माल कालवते, विटा पुसून देते, आणि शिव्या खाते.

गेल्या आठवड्यात नव्या पाळणाघरात त्यांनी अशीच भिंत पुरी केली. मुलांच्या झोपायच्या खोलीत अंधार होता, जिन्यावर मात्र भरपूर उजेड. आता तो उजेड सगळा गाद्यांवर येतो. मी तेवढे दिवस वरच्या मजल्यावर फरश्या बसवत होते, माल त्यांचा त्यांनीच कालवला, काम संपवून खाली आले तेव्हा भिंत उभी होती. इतकी देखणी की पाळणाघराच्या बाई तिच्यावरून हात फिरवत राहिल्या.

बाबा एकदम ठीक आहेत. काल मला विचारलं, दादा कामावरून आला का? मी म्हटलं, येईल. या वयात असं व्हायचंच. चहात एकदा मीठ घातलं, तर आम्ही दोघं हसलो.

तुझी,
बारकी

ता. क. सगळं पुन्हा वाचलं तर सळ्या राहिल्यात. प्रत्येक दुसऱ्या थरात आडव्या बारीक सळ्या घालायच्या आणि त्यांची टोकं बाजूच्या पक्क्या भिंतीत रोवायची. विसरू नकोस. बाजूंना नुसता फोम असतो, त्यामुळे काचेच्या भिंतीला खरं धरून ठेवतात त्या सळ्याच. बाबांनी सांगितल्या नाहीत. की मीच ऐकताना गाळल्या असतील.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं. सळ्या आणल्यास ते छान केलंस. वहिनींना निळ्या विटा हव्यात म्हणतोस, तर निळ्या घाल, घरात शांतता राहील.

मी काही ऐकताना गाळलं नव्हतं.

ते पत्र पेटीत टाकून घरी येत होते आणि ता. क. डोक्यात फिरत होता. बाबा ज्या क्रमानं काम करतात त्याच क्रमानं सांगतात, एक पायरी कधी सुटत नाही. उरलेला रस्ता मी जवळजवळ धावतच काढला. घरी आले, टेम्पोचं मागचं झाकण उघडलं. पाळणाघरासाठी आणलेल्या सळ्या गोणपाटात गुंडाळलेल्या तशाच. तारेची गाठ मीच मारली होती, माझी गाठ मी ओळखते. सोडलेलीच नव्हती.

दादा, ती भिंत नुसती उभी आहे. कशालाच धरून नाही. दोन्ही बाजूंना फोम, वर फोम, आणि खाली तळाच्या मालावर काचेचं ते सगळं वजन. आणि तिच्या पायथ्याशी गाद्या.

मी बाबांना विचारलं. अगदी सहज, भाजी चिरता चिरता. म्हणाले, "टाकल्या की. दर दुसऱ्या थराला. मी काय आज शिकतोय?" डोळ्यांत खोटं काही नव्हतं. खोटं असतं तर किती बरं झालं असतं, मी भांडले असते. त्यांना त्या टाकल्याचं आठवतंय. आयुष्यभर टाकल्या ना, त्यातल्याच कुठल्यातरी आठवत असतील.

हे कळून आठवडा उलटला आणि मी गप्प आहे. आधी वाटलं, उभी आहे, राहील उभी. एकदा काहीतरी निमित्त काढून गेले आणि कोणी नसताना तळहातानं मधोमध दाबून पाहिली. हलली. पडण्याइतकी नाही, पण माझ्या हाताला कळलं. तेव्हापासून रस्त्यात पत्र्याचा डबा पडला तरी मी पाळणाघराच्या दिशेनं बघते. सोमवारपासून मुलं येणार आहेत.

सांगायचं तर काय सांगू? बाबा सळ्या विसरले, एवढं एकदा तोंडातून गेलं की त्यांच्या आजवरच्या प्रत्येक भिंतीकडे लोक मान वर करून बघतील. पण खरी भीती लोकांची नाही. हे त्यांना स्वतःला कळलं तर काय, याची आहे. त्यांना थोडं थोडं कळतंय असा मला संशय येतो. परवा सकाळी ते स्वयंपाकघरात हातात थापी घेऊन उभे होते. मी विचारलं, काय हवंय? म्हणाले, काही नाही. पण तिथून हलेनात. मी जाऊन थापी काढून घेतली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही. मग मी पोहे केले.

चहातल्या मिठाला आम्ही हसलो असं तुला लिहिलं होतं. मी हसले होते. ते नव्हते हसले.

उद्या पाळणाघरात जाऊन सांगते. काय सांगायचं ते जाताना ठरवीन.

बारकी

शनिवार, २२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आधी हे वाच: कोणाला काही झालेलं नाही.

बुधवारी गेले तर झोपायच्या खोलीत बाईंची नात, चार-पाच वर्षांची असेल, भिंतीला पाठ टेकून बसली होती. टाचांनी जमीन रेटत होती आणि पाठीनं भिंतीवर झोके घेत होती. ओरडले असते तर ती दचकून जोरात टेकली असती. मी दारातच बसले आणि म्हटलं, इकडे ये, तुला एक गंमत दाखवते. पिशवीत गंमत कसली, थापी आणि दोरी. ती आली. तिला कडेवर घेऊन अंगणात गेले आणि तशीच पायरीवर बसले. ती माझ्या मांडीवर बसून दोरी सोडत होती.

बाईंना सांगितलं की भिंत मी बांधली, सळ्या टाकायच्या राहिल्या, फोडून पुन्हा बांधावी लागेल, आणि तोवर खोलीला कुलूप लावा. त्या म्हणाल्या, अहो पण ती तुमच्या वडिलांनी ना? मी म्हटलं, नाही, त्यांनी मला शिकायला दिली होती. बाई तापल्या, बरंच बोलल्या, आणि ते बरोबरच होतं. कुलूप मात्र लगेच लावलं.

मी एकटीनं जाऊन उतरवणार होते. आज सकाळी हातोडा आणि कामाचे चष्मे टेम्पोत ठेवले, तर बाबा चपला घालून दारात हजर. कुठे निघालीस? म्हटलं, एक भिंत फोडायची आहे. माझ्याशिवाय? म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्यांना खाली उतरवायला मला काही सुचलं नाही. वाटेत ते दुकानांच्या पाट्या वाचत होते, माझी पाचावर धारण बसली होती.

कुलूप काढून आत गेलो. उजेड सगळा त्या भिंतीतूनच येत होता. बाबा तिच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांनी तळ पाहिला, मान वाकडी करून कड पाहिली, आणि म्हणाले, "छान चढवलीय. कोणाचं काम?"

मी चष्मे पुसायला घेतले.

मग त्यांनी तळहात टेकवला, मी टेकवला होता तिथेच, आणि दाबला. लगेच हात मागे घेतला. चेहरा पार बदलला, दादा. तुझ्यावर चिडायचे तसा झाला.

"यात सळ्या नाहीत," म्हणाले. "इथे पोरं झोपणार? कोणा गाढवानं बांधली ही?"

"मी बांधली, बाबा."

मग जे ऐकलं ते तुला सांगायला नको, तुझ्या पाठ असेल. काचेला हात लावायचा नाही असं बजावलं होतं ना, लावलास तो लावलास वर सळ्या खाल्ल्यास. मी मान खाली घालून उभी होते आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी ते बाबांसारखे बोलत होते. शेवटी म्हणाले, "तुझ्या दादाची भिंत वाकडी होती. पण सळ्या होत्या तिच्यात. फोडताना माझे हात भरून आले होते."

तुला हे कधी सांगितलं नसेल त्यांनी. चारचौघांत तुला ती फोडायला लावली आणि तू चिडून निघून गेलास. उरलेली त्यांनी एकट्यानं फोडली होती, हे मलाही माहीत नव्हतं.

वरून सुरुवात केली. ते सांगत होते, मी काढत होते. विटा सुट्या होत होत्या, इतक्या सहज की हातोडा नुसता टेकवावा लागत होता. अर्धी भिंत उतरली तेव्हा ते खाली वाकले आणि सांध्याचा एक लांब तुकडा उचलला. उजेडाकडे नेला. अंगठा त्यावरून फिरवला.

मधोमध रेघ होती.

मी हातोडा खाली ठेवला. ते तुकडा फिरवून फिरवून बघत राहिले. खिशातून आईचा चमचा काढला आणि दांड्याचं टोक रेघेवर ठेवलं. बरोबर बसलं. मला वाटलं, आता हे पडतील, म्हणून मी जवळ गेले, पण ते पडले नाहीत. तुकडा बाकीच्या ढिगात टाकला आणि म्हणाले, चल, आवर, अजून अर्धी आहे.

सगळी उतरली. झाडून घेतलं. ते टेम्पोत जाऊन बसले. मी चावी लावली तर माझा हात धरला.

"पोरं आत नव्हती ना?"

"नाही बाबा. अजून सुरूच झालेलं नाही."

"परत बघून ये."

मी गेले. खोली रिकामी होती, जिन्यावरून ऊन सरळ आत आलं होतं. तरीही गाद्यांच्या मागे बघितलं, दारामागे बघितलं. मग तिथेच बसून जरा रडून घेतलं. परत आले तर माझ्या सीटवर चमचा ठेवलेला. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "काचेला एकच हात. आता तुझा."

सोमवारी मी पहिला थर लावणार आहे. मुलांना बाई तोवर दुसऱ्या खोलीत ठेवणार आहेत. बाबा खुर्ची टाकून बसतील आणि मी प्रत्येक सळी त्यांना दाखवून टाकेन. गुरुवारी त्यांना डॉक्टरांकडे नेते आहे. ते कुठे जायचं म्हणून विचारतही नाहीत, नुसतं बरं म्हणतात, आणि त्यांनी असं बरं म्हटलेलं मला सहन होत नाही. दादा, मला भयंकर भीती वाटते. भिंत फोडता आली, पुन्हा बांधताही येईल. याचं काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

तुझं न्हाणीघर राहू दे. तू ये. राग गेला नसेल तर रागावलेलाच ये, पण ये. तुझी वाकडी भिंत त्यांना अजून आठवते आहे, तोवर ये.

वाट बघणारी,
बारकी