सम आठवडे माझे

सोमवार, ७ सप्टेंबर

आनेके आणि मी वेगळे होतोय. भांडण नाही, दोघंही शहाणे आहोत. (मी जास्त.) मध्यस्थ बाउकेमाबाई म्हणाल्या, मुलीचं कसं काय करणार ते लिहून द्या, त्या आराखड्याशिवाय कोर्ट अर्जाला हात लावत नाही. चार पानं पुरतात म्हणे. चार पानं! बावीस वर्षं मी डेव्हेंटर शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखतोय. एक मुलगी आणि दोन घरं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

बुधवार, ९ सप्टेंबर

एकतीस पानं झाली. बुधवारी शाळा अर्धाच दिवस असते, म्हणून दुपारी फेन्ना माझ्याकडे होती. पॅनकेक कर म्हणून मागे लागली होती. तिला सांगितलं, बाबा तुझ्यासाठीच लिहितोय. ती टीव्ही बघत बसली.

मुख्य मुद्दा: कॅलेंडरवरचे सम क्रमांकाचे आठवडे माझे, विषम आनेकेचे. यातली मेख कुणाच्या लक्षात येणार नाही. नाताळ येतो बावन्नाव्या आठवड्यात. बावन्न सम. आनेकेनं मान डोलावली. बिचारी.

गुरुवार, १७ सप्टेंबर

कलम नऊ लिहिलं. माझ्या मते आराखड्याचा कणा. आठवड्यांची अदलाबदल नाही. अपवाद नाही. दुसऱ्याच्या आठवड्यात मुलीच्या कार्यक्रमाला जायचं तर चौदा दिवस आधी लेखी परवानगी.

आनेके म्हणाली, अरे हर्मेन, मुलगी आहे ती, सात नंबरची बस नाही. मी म्हटलं, बस असती तर बरं झालं असतं, बस उलटून बोलत नाही. बाउकेमाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. पटलं असणार.

बुधवार, १४ ऑक्टोबर

आराखडा करताना मुलीला कसं सामील केलं तेही लिहावं लागतं. कायदाच आहे तसा. फेन्नाला तक्ता दिला, दोन रंगीत पेन्सिली दिल्या. माझे आठवडे निळे, आईचे पिवळे. छान रंगवत होती. शेवटी म्हणाली, बाबा, इथे दोन पिवळे लागोपाठ आलेत.

नऊ वर्षांची पोर. रंगवताना घोळ होणारच. मी प्रेमानं समजावलं की एक निळा, एक पिवळा, असं करत जायचं. ती म्हणाली, पण इथे नाही ना जात तसं. मी तक्ता काढून घेतला आणि लिहिलं: ‘मुलीचं मत घेण्यात आलं. ती आनंदाने सहभागी झाली.’

शुक्रवार, २० नोव्हेंबर

आनेकेचा फोन. तिच्या आईची सत्तरी रविवारी एकोणतीसला, म्हणजे माझ्या आठवड्यात. फक्त एक दिवस फेन्नाला पाठव म्हणाली. सह्या बाकी असल्या तरी मी शांतपणे कलम नऊ वाचून दाखवलं. तिनं पुन्हा विचारलं, एक दिवससुद्धा नाही? माणसाला तत्त्व समजायला वेळ लागतो.

रविवार, २९ नोव्हेंबर

डब्यातलं वाटाण्याचं सूप गरम केलं, फेन्नानं अर्धं टाकलं. आजीला फोनवर गाणं म्हणून दाखवलं. गाणं संपल्यावर मोज्यांना नाक पुसलं. मोजे धुवायचे कुणी, हे आराखड्यात नाही. पुरवणी जोडायला हवी.

मंगळवार, १ डिसेंबर

सह्या झाल्या. त्रेचाळीस पानं. बाउकेमाबाई म्हणाल्या, इतका मोठा आराखडा त्यांनी आजवर पाहिला नाही. कौतुक लपवता येत नाही काही लोकांना.

शनिवार, २६ डिसेंबर

नाताळ माझ्याकडे. ठरल्याप्रमाणे! दोघांत टेबलावरच्या तव्यावर मांस भाजून खाल्लं. फेन्नानं विचारलं, नऊ जानेवारीला तिची पोहण्याची शेवटची परीक्षा आहे, कपडे-बूट घालून पोहायचं, पाण्याखालच्या पडद्याच्या भोकातून पलीकडे जायचं. येशील ना? गेल्या खेपेला ती भोकाला घाबरून रडली होती. पलीकडे तू उभा राहा, म्हणाली. मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? नाताळनंतर एक आठवडा आईचा, मग माझाच.

सोमवार, २८ डिसेंबर

यंदा त्रेपन्नावा आठवडा आहे.

त्रेपन्न विषम. त्यानंतर येतो पहिला. तोही विषम, आणि नऊ जानेवारी त्यातच. दोन पिवळे लागोपाठ.

चूक माझी नाही. बसला वार लागतो, आठवड्याचा नंबर लागत नाही. वर्षाला जादा आठवडा जोडणाऱ्यांनी आधी कळवायला हवं होतं. आनेकेला फोन केला. आधी पोटभर हसली, मग म्हणाली, ये रे तू, कलम गेलं खड्ड्यात. मी म्हटलं, तोंडी चालत नाही. लेखी हवं. आणि लेखीची मुदत परवाच संपली. तिनं फोन ठेवला.

बुधवार, ६ जानेवारी

मार्ग निघाला. शनिवारी पोहण्याच्या तलावासमोरच्या बसथांब्याची पाहणी करणार. थांबा माझ्या विभागात येतो. समोरच्या काचेतून काही दिसलं तर तो माझा दोष नाही.

शनिवार, ९ जानेवारी

काच वाफेनं पांढरी झालेली. थंडीनं कान गळून पडायची वेळ. सव्वादहाला आनेके बाहेर आली. आत ये, गाढवा, म्हणाली. फेन्ना पलीकडच्या काठावर सारखं बघतेय, तू आलास का म्हणून. तिचा नंबर आलाच.

मी म्हटलं, दोन ओळी लिहून दे. नाहीतर उद्या तूच म्हणशील, कलम नऊ तू मोडलंस. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की वर्णन करत नाही. मग पर्स उपसली. पेन सापडलं, चाललं नाही. दुसरं सापडलं. कॉफीच्या पावतीमागे लिहिलं. वेळही टाक, मी म्हटलं.

आत गेलो तर फेन्ना ओल्या कपड्यांत टॉवेल गुंडाळून उभी होती. पाहिलंस ना बाबा? मी म्हटलं, अगदी पहिल्यापासून. सुंदर. ती म्हणाली, मग सांग, भोकातून जाताना कुठला बूट सुटला माझा? मी म्हटलं, डावा. ती म्हणाली, एकही नाही. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

सत्तरी झालेली आजी पुढे आली, फोनवरचा फोटो दाखवला. पाण्यातून वर येणारं डोकं, डोळे पलीकडच्या काठाकडे. काठावर कुणी नाही. फोटोवर वेळ आहे, दहा वाजून एकोणीस.

पावती समोर टेबलावर ठेवली आहे. ‘हर्मेनला आत यायला परवानगी आहे. आनेके. ९ जानेवारी, १०.२०.’ नियमाप्रमाणे अगदी बिनचूक आहे.